पान एकतीसवरचा ऑक्सिजन

मी इतिहासाची. पर्यावरण माझ्याकडं आलं ते वर्कलोड कमी पडला म्हणून. आमच्या कॉलेजात हा विषय असाच फिरतो, ज्याचे तास भरत नाहीत त्याच्या गळ्यात. एका वर्षी इतिहासाची एक तुकडी बंद झाली. प्राचार्यांनी टाइमटेबलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे चार तास कमी पडताहेत. पर्यावरण घ्या. सोपं असतंय, त्यात कुणी नापास होत नाही."

दिवाळीच्या सुट्टीत मी नोट्स काढल्या. समोर तीन पुस्तकं, हातात फुलस्केप वही, आणि एकही गोष्ट डोळ्यांनी न बघता सगळं लिहून मोकळी. परिसंस्था, अन्नसाखळी, दहा टक्क्यांचा नियम, पोषकद्रव्यांची चक्रं, ओझोन, जलप्रदूषण. इतिहासाच्या सवयीनं मी गोष्ट सांगितल्यासारखं लिहिते, आणि अक्षरही बरं आहे. त्यामुळं त्या नोट्स मुलांना आवडल्या. कॉलेजातून त्या अभ्यासिकांत गेल्या. धाराशिवात स्टँडकडच्या झेरॉक्सवाल्याला नुसतं "मॅडमचं पर्यावरण" म्हटलं की तो मान वर न करता गठ्ठा काढून द्यायचा. पुढं कुणीतरी पीडीएफ केली, मग तर भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मोबाइलात मी.

त्यातलं पान एकतीस चुकीचं होतं.

तिथं मी लिहिलं होतं: बीओडी म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी. बीओडी जितका जास्त, तितकं पाणी शुद्ध. खाली लाल शाईनं दोन रेघा.

खरं ते बरोबर याच्या उलटं. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, तो बीओडी. घाण जास्त, तर मागणी जास्त. मी मात्र ऑक्सिजन हा शब्द बघितला आणि ठरवून टाकलं, भरपूर ऑक्सिजन आहे म्हणजे पाणी चांगलंच असणार. "मागणी" हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला आणि तो मला समजला नाही.

चूक कुणाच्याही हातून होते. मला जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे, आणि ते मी आजवर माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

भूमकडच्या एका गावातली एक मुलगी इथं राहून सरळसेवेची तयारी करत होती. हुशार, शांत, आणि माझ्यावर फार विश्वास. तिच्या परीक्षेत नेमका तो प्रश्न आला. पुस्तकात तिनं बरोबर वाचलेलं होतं. तिनंच नंतर सांगितलं, "पुस्तकात उलटं दिसलं व्हतं मॅडम. पण म्हणलं छपाईची चूक असंल. तुम्ही तर दोन रेघा मारल्यात."

उत्तरतालिका आली तेव्हा ती पळत स्टाफरूममध्ये आली. तिचं उत्तर चूक दाखवलं होतं. मी पेपर बघितला न बघितल्यासारखा केला आणि म्हणाले, "उत्तरतालिकांत चुका असतात गं. आक्षेप नोंदव." ती हसत गेली.

त्या संध्याकाळी मी तिन्ही पुस्तकं उघडली. तिन्ही एकच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी ती आक्षेपाचा कागद घेऊन आली. सोबत संदर्भ जोडायचा होता. तिनं पान एकतीसची झेरॉक्स काढून आणली होती. "मॅडम, हितं सही करा आन् शिक्का मारा. म्हंजे वजन पडंल."

स्टाफरूममध्ये चार-पाच जण बसले होते. एक सर चहाचा कप हातात धरून म्हणाले, "वा! मॅडम आता संदर्भग्रंथ झाल्या!" सगळे हसले. मीही हसले. आणि सही केली.

एवढंच. रात्रभर विचार करून केलेलं कारस्थान नव्हतं ते. चार लोकांपुढं "थांब, माझं चुकलंय" म्हणायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात सही झाली.

आक्षेप अर्थातच फेटाळला. निवड यादी तिच्या नावाच्या जरा वर संपली. तो एक प्रश्न बरोबर असता तर ती यादीत होती, हे तिनं मला मोजून दाखवलं, आणि वर म्हणाली, "तुमचं बरोबर हाय मॅडम. त्येंनी ऐकलंच न्हाय." पुढं तिचं लग्न झालं, वयाची मर्यादा उलटली.

मी ते पान बदललंही नाही. बदललं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का बदललं. वर्गात तो मुद्दा आला की मी भरभर म्हणायचे, बीओडी, सीओडी, हे घरी वाचून घ्या. मुलं घरी वाचायची.

आता अलीकडचं. गेला महिना अजून माझ्या अंगात आहे, म्हणून लिहायला बसले.

दर रविवारी मी एका अभ्यासिकेत भरतीच्या मुलामुलींचा तास घेते. चार रविवारांमागं सराव परीक्षा घेतली आणि उत्तरं तोंडी विचारत होते. अन्नसाखळीवर मजा चालली होती. मी फळ्यावर ज्वारी, उंदीर, साप, मोर असं लिहिलं, तर येडशीकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मोर आमच्या रानातली ज्वारीबी खातोय. त्याला कुठं बसवू? सापाच्या वर का उंदराशेजारी?" वर्ग हसून लोळला. मी म्हटलं, दोन्हीकडं बसव, म्हणून तर त्याला साखळी न म्हणता अन्नजाळं म्हणायचं. तास रंगात आला होता.

त्या रंगातच बीओडीचा प्रश्न आला. एक नवीन मुलगी उभी राहिली आणि खणखणीत बोलली, "बीओडी जास्त, तेवढं पाणी शुद्ध."

"नाही," माझ्या तोंडून गेलं. "कमी, तेवढं शुद्ध."

"मॅडम, तुमच्याच नोट्समधी हाय." तिनं पिवळी पडलेली झेरॉक्स वर केली. "पान एकतीस. आमच्या ताईच्या हैत ह्या. ताईनं तर याच्यावर आक्षेप घेतलेला. ती म्हणती, परीक्षावाले चुकले, मॅडम न्हाय. तू डोळे झाकून हेच लिही."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिचं कपाळ, बोलताना मान तिरकी करायची पद्धत. धाकटी बहीण होती ती.

आणि मी काय म्हटलं? "मी तपासून सांगते."

तीन आठवड्यांवर तिची परीक्षा. थोरलीची नोकरी माझ्या पानामुळं गेली होती, आणि आता माझ्यावरच्या विश्वासानंच ती धाकटीला त्याच खड्ड्याकडं पाठवत होती. घरी येऊन मी चपला न काढता दारात बसून राहिले. उठले तेव्हा ठरलेलं होतं.

मंगळवारी रजा टाकली आणि भूमची एसटी पकडली. खरं सांगू का, मला भीती वाटायला हवी होती. पण पाय हलके होते. खिडकीतून माळरानं मागं जात होती आणि मी मनातल्या मनात वाक्य पाठ करत होते, पहिल्यांदा पेपरला निघालेल्या पोरीसारखी.

थोरली तिथल्या एका दूध शीतकरण केंद्रात नोकरी करते. गावोगावचं दूध तिथं येतं, तपासलं जातं, थंड होतं. त्या भागात घरोघरी खव्याच्या भट्ट्या, त्यामुळं दुधाचं कुणाला कौतुक नाही, पण तपासणीची धास्ती सगळ्यांना. वजनकाट्यावरच्या माणसानं मला बघून आत हाक मारली, "ओ आक्षेपताई! पाहुण्या आल्यात तुमच्याकडं!"

ती पांढऱ्या कोटात बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मी पाठ केलेलं वाक्य विसरले.

"मॅडम! तुम्ही हितं? आवो फोन तरी करायचा!"

"आक्षेपताई?" मी विचारलं.

"ते व्हय," ती हसली. "सासरी कुणीतरी सांगितलं, हिनं परीक्षावाल्यांवर आक्षेप घेतला व्हता म्हणून. तवापासून हेच नाव पडलं. भाजीत मीठ कमी म्हणलं तर दीर म्हणतो, घ्या, लागला आक्षेप. हितंबी तेच. या, आत या. माझं निळं चालू हाय, सोडून येता येत न्हाय."

आत टेबलावर गरम पाण्याचं भांडं, त्यात परीक्षानळ्यांची रांग. प्रत्येक नळीत दूध आणि दूध आकाशी रंगाचं. मी विचारलं, हे काय.

"मेथिलीन ब्लू. दुधात एवढंसं टाकायचं, बूच लावायचं आन् घड्याळ बघायचं. दुधात जंतू असले की ते आतला ऑक्सिजन वापरून टाकत्यात. ऑक्सिजन संपला की निळा रंग जातो. दूध चांगलं असलं की निळं लई वेळ टिकतं. ही बघा, ही चौथी. आत्ताच टाकली, वीस मिनिटंबी झाली न्हाईत."

चौथ्या नळीतला निळा खालून वर विरत चालला होता. माझ्या डोळ्यांदेखत दूध पांढरं होत होतं. मला एकदम काहीतरी झालं. इतकी वर्षं मी हा मुद्दा शिकवला, पुस्तकातून वहीत, वहीतून फळ्यावर, आणि तो इथं, या काचेच्या नळीत, माझ्यासमोर घडत होता. जंतू जेवत होते. ऑक्सिजन मागत होते. जितकी मागणी, तितक्या लवकर रंग गायब. मी तिचं मनगट धरलं.

"अगं, हाच! हाच बीओडी!"

"काय?"

"जंतू जास्त, तर ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे बीओडी जास्त. म्हणजे पाणी घाण. पान एकतीस चुकीचं आहे. मी चुकीचं लिहिलं होतं. परीक्षावाले बरोबर होते."

बोलून गेले. पाठ केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

तिनं चौथी नळी काढून रांगेतून बाजूला ठेवली, वहीत वेळ लिहिली. तिचा हात स्थिर होता, मला तेच जास्त लागलं.

"हे मी रोज करते," ती म्हणाली. "रोज बघते. पण पुस्तक परत उघडलंच न्हाय मी." मग माझ्याकडं वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. एसटीत मी त्याच्यासाठी तीन उत्तरं तयार केली होती, तिन्ही मऊ. एकही वापरलं नाही.

"तू पहिल्यांदा आलीस त्याच संध्याकाळी."

"म्हंजे सही केली त्याच्या आधी."

"हो. आधी."

काट्यावरचा माणूस दारात आला, "ताई, तीन नंबरचा कॅन घेऊ का?" ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "चौथा परत पाठवा. नासायला लागलंय." तो गेला.

"त्या सरांनी संदर्भग्रंथ म्हणलं, तवा हसलात तुम्ही," ती म्हणाली. "मला आठवतंय. मला वाटलं, कौतुक झालं म्हणून हसल्या."

माफी मागायची होती, ती मागितली, पण माझ्याच कानाला ती हलकी लागली. तिनं ऐकून घेतली आणि वही मिटली.

"धाकटीला सांगितलं?" तिनं विचारलं.

"तुला आधी सांगायचं होतं."

"मला सांगून काय उपयोग? माझं वय गेलं." आता तिचा आवाज चढला. "पीडीएफ किती जणांकडं हाय ठाव हाय का तुम्हाला? माझ्या जावंच्या भावाकडं हाय, वाशी तालुक्यात. त्यो बी हेच पाठ करतोय. त्याला शंका आली तवा मी भांडलीया त्याच्याशी, तुमच्या बाजूनं! रविवारी वर्ग हाय न्हवं तुमचा?"

"आहे."

"मग मी येते. आन् तुम्ही सगळ्यांपुढं सांगायचं. धाकटीला कानात सांगून भागायचं न्हाय."

परतीच्या एसटीत मी उभी होते, गर्दी होती, आणि तरी मला वाटत होतं की गाडी जरा जोरात जावी. रविवार यायला पाच दिवस होते, ते मला जड गेले.

रविवारी ती आली. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली निळ्या औषधाची छोटी बाटली, केंद्रावरच्या साहेबांना विचारून आणलेली. तिनं तीन पारदर्शक बाटल्या मागवल्या. एकीत अभ्यासिकेच्या बोअरचं पाणी, दुसरीत मागच्या नालीचं, तिसरीत शेणकाला गाळून केलेलं. तिन्हींत निळं टाकलं, काठोकाठ भरून बुचं घट्ट लावली आणि कोमट पाण्याच्या बादलीत उभ्या केल्या. पोरंपोरी बादलीभोवती वाकली. पैजा सुरू झाल्या. "शेणाची आधी!" "न्हाय रे, नालीला जा की वास घ्यायला, मग बोल!"

"त्या बाटल्या राहू द्या तिथं," ती म्हणाली. "मॅडमना बोलायचंय."

मी फळ्यापाशी उभी राहिले आणि सांगितलं. पान, रेघा, सही, सगळं. कुणासाठी सही केली तेही सांगितलं, ती मान हलवून हो म्हणाली तेव्हाच. धाकटी मोठ्या बहिणीकडं बघत होती, माझ्याकडं नाही. शब्द बाहेर पडत होते आणि आत काहीतरी धावत सुटलं होतं, जणू शाळा सुटल्याची घंटा झालीय.

मग मागून एक जण ओरडला, "मॅडम! शेणाची गेली!"

सगळा वर्ग बादलीकडं. शेणकाल्याच्या बाटलीतला निळा उतरून गढूळ पिवळट राहिलं होतं. बोअरची बाटली जशीच्या तशी निळी. थोरलीनं बूच काढलं, थोडं पाणी ओतून जागा केली, बूच लावून बाटली जोरात हलवली. आणि निळा परत आला! पोरं किंचाळली. मीही किंचाळले, खोटं कशाला बोलू.

"बघा," ती म्हणाली, "हवेतला ऑक्सिजन आत गेला, रंग आला. आता थांबा, जंतू परत खातील, परत जाईल. तळ्यात सांडपाणी सोडलं की हेच होतंय. फक्त तळ्याला कुणी हलवत न्हाय, म्हणून मासे मरत्यात." मग ती धाकटीकडं वळली. "बोल. बीओडी जास्त म्हंजे?"

"पाणी घाण," धाकटी म्हणाली.

"जोरात."

"पाणी घाण!" सगळा वर्गच ओरडला.

त्या गोंधळात येडशीची ती मोरवाली मुलगी हात वर करून उभी होती. मी म्हटलं, बोल.

"मॅडम, मग बाकीच्या पानांचं काय?"

हे मला सुचलंच नव्हतं. एका पानाच्या ओझ्यात मी बाकीच्या पानांकडं वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. पंधरा दिवसांवर परीक्षा, आणि त्यांच्या हातात माझं अख्खं बाड. मुलांनी एकमेकांकडं बघितलं. कुणीतरी पुटपुटलं, "आता काय, सगळंच बोंबललं."

थोरलीनं खुर्ची ओढली. "बोंबलायला काय झालं? मॅडम मोठ्यानं वाचतील. तुम्ही पुस्तकं उघडा, तीन गट करा, प्रत्येक गटाकडं एक पुस्तक. जुळलं न्हाय की हात वर."

"तुझी एसटी?" मी विचारलं.

"जाऊ द्या तिला."

आम्ही पान एकपासून सुरू केलं. मी वाचत होते, पुस्तकं उलटत होती. पान नऊवर हात वर. मी लिहिलं होतं, परिसंस्थेत ऊर्जा चक्राकार फिरते. चूक. पोषकद्रव्यं चक्राकार फिरतात, ऊर्जा एकाच दिशेनं जाते, प्रत्येक पायरीवर बरीचशी उष्णता होऊन निघून जाते, परत येत नाही. मी लाल पेनानं खोडलं. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे मोरानं खाल्लेली ज्वारी ज्वारीला परत मिळत न्हाय." "बरोब्बर!" मी म्हटलं, आणि मला इतका आनंद झाला की माझीच चूक सापडलीय हे क्षणभर विसरले. पान चौदावर काही नाही. पान सतरावर दोन हात. तिथं मी ओझोनचा थर जमिनीलगतच्या तपांबरात नेऊन ठेवला होता. तो त्याच्या वरच्या स्थितांबरात. "मॅडम, तुम्ही ओझोन आमच्या डोक्यावरच आणून ठिवला!" पुन्हा हशा, आणि या वेळी मी त्यात खरोखर सामील होते.

मध्ये चहा आला. थोरली माझ्याशेजारी बसली. मी हळूच म्हटलं, "तुझं जे गेलं ते मला भरून देता येणार नाही."

"न्हाय येणार," ती म्हणाली. "आन् माझ्या मनातला राग गेलाय असं समजू नका. तुम्ही भूमला आला व्हता तवा मी बोलले न्हाय, कारण नळ्या चालू व्हत्या. घरी जाऊन रडले." तिनं कप खाली ठेवला. "पण हिची परीक्षा आधी."

तिनं समोर बघितलं. धाकटी नालीच्या बाटलीकडं वाकून वेळ लिहीत होती, कारण आता त्या बाटलीतलाही निळा फिका होत चालला होता.

दुपार कलली तेव्हा आम्ही पान बावीसवर होतो. सहा चुका सापडल्या होत्या. अभ्यासिकेचे मालक दारात येऊन बघून गेले, पण कुणी उठेना. माझा घसा बसला होता. पाणी प्यायला मी वही खाली ठेवली, तर थोरलीनं ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली.

"वाचा मॅडम," ती म्हणाली. "पान तेवीस. आन् सावकाश, पोरं लिहून घेत्यात."